कुंदाताईंचे शहाण्णव

१२ जाने., सोमवार

सातची शिफ्ट. साडेसातला सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं नाही, तेव्हाच काय ते कळलं. मॅनेजर पांडेसाहेब खाली बघून बोलले. अमेरिकेतले डॉक्टर बोलतात, आम्ही नागपुरात कानाला हेडफोन लावून ते टाइप करतो, एकोणीस वर्षं मी हेच केलं. आता आधी यंत्र ऐकणार आणि लिहिणार. ते मनिलात तपासणार. त्यातूनही जे उरेल ते आमच्याकडे. बावीस माणसं, सात खुर्च्या. फेब्रुवारीअखेर.

तीन ऑनलाइन कोर्स, मग एक परीक्षा, महिनाअखेरपर्यंत. मार्कांप्रमाणे वरचे सात राहतील. टीम लीडही धरून. म्हणजे मीही.

पुण्याहून अदिती मॅडम आल्यात, शिकवणं-शिकणं बघणाऱ्या. वय सव्वीस असेल. शिकायला वय नसतं म्हणाल्या. भिंतीवर पोस्टर लावलं, त्यात एक पिकल्या केसांचा गोरा म्हातारा लॅपटॉपकडे बघून हसतोय. तो कोणत्या कंपनीतून निघाला ते लिहिलेलं नाही.

टायपिंग शिकलो, मग कॉम्प्युटर, मग हे काम, मग अमेरिकन औषधांची नावं, मग यंत्राच्या चुका सुधारणं. त्या चुका सुधारून सुधारूनच यंत्र शहाणं झालं. आता सहाव्यांदा शाळेत. वय ४६.

१४ जाने., बुध.

संक्रांत. कुंदाताईंनी डबा भरून तीळगूळ आणला. सगळ्यांच्या टेबलावर स्वतः ठेवला, अदिती मॅडमच्यासुद्धा.

मला हे काम कुंदाताईंनी शिकवलं. मी लागलो तेव्हा त्या चौतीसच्या, आता त्रेपन्न. लीड व्हायला त्यांना दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाल्या, म्हणून मी झालो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, ऐकू आलं ते लिहायचं. नाही आलं तर रेघ ओढून कोरं सोडायचं. अंदाज लिहायचा नाही. मी एकदा एका औषधाचं नाव अंदाजाने ठोकलं, तर त्यांनी हेडफोन माझ्या कानावरून काढून घेतला. सगळ्यांदेखत. ते मी विसरलेलो नाही, हे आज तीळगूळ खाताना लक्षात आलं.

परीक्षेची भीती वाटते का विचारलं. म्हणाल्या, "घरी बसली तं नातवाची आया होईन, राजू. सून म्हणनच, आई आता घरीच आहेत. इथं माझं कोणी ऐकून तरी घेते."

१९ जाने., सोम.

सराव परीक्षा. माझे ७८. कुंदाताईंचे ३८.

त्यांचा पेपर उघडून बघितला. शंभर मार्कांचे पन्नास प्रश्न, त्यातले एकतीस कोरे. चार पर्याय दिलेले, चुकलं तरी मार्क कापत नाहीत, आणि बाईने एकतीस प्रश्नांना हातच लावला नाही. जे सोडवले ते सगळे बरोबर. एकोणीसपैकी एकोणीस.

मी हसलो. मोठ्याने हसलो, आणि आकडा वाचून दाखवला. तिघं-चौघं वळून बघायला लागले. म्हटलं, ताई, कशावर पण टिक करा ना, चारात एक तर लागेल.

"अंदाजानं?"

म्हटलं, हो, अंदाजानं.

"मंग इतके वर्षं तुले काय शिकवलं मी?"

जागच्या जागी गप्प केलं मला. आजही.

२२ जाने., गुरु.

पांडेसाहेबांनी सांगितलं, तू लीड आहेस, मागे राहिलेल्यांना शिकव. मागे राहिलेली एकच. शिफ्ट संपली की चार ते पाच कुंदाताई.

त्या मराठीत नोट्स काढतात. चाळीस पानी वही, वर कव्हर घातलेलं. मी एक वाक्य सांगतो, त्या लिहून होईपर्यंत माझा जीव जातो. दुसऱ्या कोर्समध्ये आहे की यंत्राला ज्याची खात्री आहे ते पुन्हा ऐकत बसू नये, वेळ जातो. कुंदाताई ऐकायला बसल्या. एका फाइलमध्ये डॉक्टर नुसता खोकतोय आणि यंत्राने तिथे लिहिलंय की पेशंटला ताप नाही. खात्री ९७ टक्के.

"तो तं खोकलून राहिला. ताप कुठं आला यात?"

म्हटलं, परीक्षेत हे विचारत नाहीत. परीक्षेत विचारतात, पुढे जायचं की थांबायचं. उत्तर: पुढे जायचं.

"हे यंत्र कोरं काहून नाही सोडत गा?"

 घड्याळ बघितलं, त्यांना दिसेल असं. मला बरंच जमतं हे.

त्यांनी तो खोकला दुरुस्त केला, नियमाप्रमाणे कळवला. आज शिकलेलं उद्या यंत्राला येणार. आम्ही शिकतो ते त्याच्यासाठीच.

२७ जाने., मंगळ.

सकाळी ब्रेकमध्ये गेटबाहेर तर्रीपोहे. कुंदाताई पाठोपाठ आल्या. त्या बाहेरचं खात नाहीत, तरी प्लेट घेतली. चमचा फिरवत राहिल्या.

हळू म्हणाल्या, "राजू, माझी परीक्षा तू दे."

मला नीट ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, काय?

परत म्हणायला लागलं त्यांना. शेजारी दोन पोरी उभ्या होत्या, म्हणून तोंड माझ्या कानाजवळ आणून म्हणाल्या. डोळे भरले होते का तर्रीमुळे, मी बघत बसलो नाही. एवढं खरं की मला बरं वाटलं. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

म्हटलं बघू.

लगेच हो म्हणता आलं असतं.

२८ जाने., बुध.

माझी परीक्षा झाली. ८४. घाई केली. प्रश्न पूर्ण न वाचता मला येतंच म्हणत टिक करत गेलो आणि सोपे सहा घालवले. वैशालीला सांगितलं तर म्हणाली, शिकवणाऱ्याला चौऱ्याऐंशी? बायकोने असं बोलू नये. तिचं बरोबर असलं तरी.

३० जाने., शुक्र.

दिली. जेवणाच्या सुट्टीत, माझ्याच टेबलावर, त्यांच्या नावाने. कुंदाताई शेजारच्या स्टुलावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डबा उघडला नाही.

ठरवलं होतं सत्तर द्यायचे. पास साठला आहे, सत्तर म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. सातांत नाही आल्या तरी नापासचा शिक्का तर नाही बसणार. पण प्रश्न सगळे परवाचेच. परवा मी घालवलेले सहाही समोर आले. त्यांची बरोबर उत्तरं आता माहीत. मुद्दाम चुकीवर टिक करायला बोट नेलं आणि होईना. खरंच होईना. आयुष्यभर ९८.५ टक्के अचूकता मोजून घेतलेला माणूस मी, चूक दिसली की हात आपोआप तिकडे जातो. एकदा चुकीचं टिक केलं, पुढच्या प्रश्नावर गेलो, परत आलो, दुरुस्त केलं.

९६. अकरा मिनिटांत.

कुंदाताईंनी आकडा बघितला. "एवढे काहून दिले?"

म्हटलं, आले.

"माझे वाटत नाहीत हे."

तुमचे नाहीतच, मी म्हटलं.

२ फेब्रु., सोम.

यादी लागली.

पहिल्या, कुंदाताई. नागपूरच नव्हे, पुण्याच्या ऑफिसलाही मागे टाकलं. अदिती मॅडमनी फोटोसकट मेल फिरवला, त्रेपन्नाव्या वर्षी शहाण्णव, बघा आणि शिका. फोटो कंपनीच्या जुन्या आयकार्डावरचा. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

आठवा, मी.

परत वाचलं. सात खुर्च्या, आठवा मी. त्यांचे शहाण्णव मधे नसते तर सातवा असतो. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात तो असा. तोही नेम धरून.

कुंदाताईंनी टाळ्या संपेपर्यंत मान वर केली नाही. मग हेडफोन लावला आणि काम सुरू केलं. हेडफोनची वायर लोंबत होती, जोडलेलीच नव्हती.

३ फेब्रु., मंगळ.

पांडेसाहेबांकडे गेलो. "देख यार राजेंद्र, मेरे हाथ में कुछ नहीं," म्हणाले. मग मराठीत आले. तेराला क्लायंट व्हिडिओवर पहिल्या सातांशी बोलणार, प्रत्येकाला दहा मिनिटं, तीन प्रश्न. त्यात कोणी अडकलं तर आठव्याचा नंबर.

आणि प्रश्न कोण काढणार? तू काढ, म्हणाले, कोर्स पूर्ण वाचलेला इथे तूच एक आहेस. विचारायलाही तूच बस.

आठव्याने पहिल्या सातांना प्रश्न विचारायचे. यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही. मीही ते दाखवून दिलं नाही. मान हलवून आलो.

६ फेब्रु., शुक्र.

कुंदाताई लिफ्टजवळ थांबल्या होत्या. मी नाव काढून घेऊ का, तब्येतीचं कारण सांगते, तुझा नंबर लागेल, म्हणाल्या. रात्रभर झोप नाही म्हणाल्या.

इथे लिहितो, कारण दुसरं कुणाला सांगणार नाही. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्यांची अब्रू राहिली असती, माझी खुर्ची राहिली असती.

मी म्हटलं, नको. पहिली आलेली बाई अशी मागे फिरली तर संशय येईल.

हे कारण खोटं नाही. पण खरं कारण ते नाही. मेलमधला तो फोटो गेले चार दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझे मार्क, फोटो त्यांचा. त्या गुपचूप घरी गेल्या तर शहाण्णव कायमचे त्यांचेच राहतील. ते मार्क त्यांचे नाहीत हे सगळ्यांना दिसायला पाहिजे होतं मला.

"सोपं विचारशीन नं?"

म्हटलं, पहिला कोर्स नीट करून या. त्यातलंच विचारतो.

१० फेब्रु., मंगळ.

कुंदाताई पहिला कोर्स पाठ करतायत. जेवताना वही उघडी. जाता-येता मला थांबवून एखादं उत्तर म्हणून दाखवतात. बरोबर असतं. शाबास म्हणतो.

प्रश्न काढून झाले. पहिला पहिल्या कोर्समधला, दुसरा नि तिसरा तिसऱ्यातला. सातही जणांना तेच. म्हणजे कुणी काही म्हणू शकणार नाही.

वैशालीला सांगून बघितलं, अर्धवट. ती म्हणाली, तुला त्यांनी काय केलं होतं रे? मी हेडफोनची गोष्ट सांगितली. तिने आधी मी थट्टा करतोय का ते बघितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली.

१३ फेब्रु., शुक्र.

झालं.

कॉन्फरन्स रूम. मोठ्या पडद्यावर क्लायंटची बाई, तिच्या मागे खिडकीत अंधार, तिच्याकडे रात्र. एका बाजूला अदिती मॅडम, एका बाजूला मी. कुंदाताई मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या, सून म्हणाली असेल अमेरिकेचं आहे म्हणून. हातात वही. वही बाहेर ठेवायला लावली.

पहिला प्रश्न. त्यांनी उत्तर दिलं, हळू, एकेक इंग्रजी शब्द जपून ठेवत, पण पूर्ण. क्लायंटची बाई वंडरफुल म्हणाली. कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि थोडं हसल्या. मुलगी शाळेत गॅदरिंगला आईकडे बघते तसं.

मी दुसरा विचारला.

त्यांना आधी वाटलं मी चुकून वाचला. वाट बघत राहिल्या. मी परत वाचला, सावकाश, शब्दन् शब्द सुटा करून. तेव्हा त्यांना समजलं. चेहरा बघत होतो मी. समजलं तो क्षण नेमका दिसला.

पडद्यावरची बाई हसून थांबली होती.  पेनने टेबलावर टकटक कोण करत होतं ते नंतर कळलं. मीच.

"आय लीव्ह इट ब्लँक, मॅडम," कुंदाताई म्हणाल्या.

बाईला वाटलं विनोद केला. हसली. अदिती मॅडम हसल्या नाहीत. काहीतरी अंदाजाने तरी सांगा ना, म्हणाल्या, मराठीत, समजावून. कुंदाताईंनी मान हलवली. अंदाज नाही.

तिथे थांबता आलं असतं. मी तिसरा विचारला.

तोही कोरा.

आठ मिनिटांत संपलं. बाहेर जाताना त्या ठेचकाळल्या, साडीची सवय नाही ऑफिसात, सलवार-कमीज घालतात. वही विसरल्या. मी नेऊन दिली नाही.

१७ फेब्रु., मंगळ.

नवी यादी. मी सातवा. कुंदाताई नाहीत. शहाण्णववाल्या मेलचं काय झालं, कुणी विचारत नाही. सगळे जण ताईंशी फार गोड बोलतायत, मयताच्या घरी बोलतात तसं.

त्यांनी ड्रॉवर रिकामा केला. शाल, विक्सची डबी, कुणीतरी आणून दिलेली ती वही, हेडफोनचे झिजलेले स्पंज, देवीचा फोटो. सही घ्यायला माझ्याकडे आल्या. एकोणीस वर्षं राजू, अरे-तुरे.

"सर, इथं सही करता का?"

सगळ्यांनी ऐकलं. केली. सही नेहमीसारखीच आली.

खूश आहे का मी? हो, खुर्ची राहिली. हे मान्य केलं पाहिजे. लाज वाटते आणि खुर्ची राहिली. दोन्ही एकदम.

नवं पोस्टर लागलं. आम्हा सातांना मार्चपासून पुढचा कोर्स.

२० फेब्रु., शुक्र.

पुण्याहून मेल. शहाण्णव मिळवणारी बाई दोन प्रश्नांवर कशी अडते, म्हणून त्यांनी नोंदी काढून बघितल्या. कुंदाताईंची परीक्षा माझ्या कॉम्प्युटरवरून दिली गेली. अकरा मिनिटांत. सोमवारी अकराला दोघांची चौकशी, वेगवेगळी. आधी त्यांची, मग माझी.



परीक्षा दिली तेव्हा जेवणाची सुट्टी होती, टेबलाजवळ दुसरं कुणी नव्हतं. बघणारी फक्त कुंदाताई. जर त्या म्हणाल्या की मीच दिली, राजूच्या टेबलावर बसून, माझा कॉम्प्युटर बंद होता, तर मी सुटतो. कॅमेऱ्यापुढे घाबरले म्हणाल्या की झालं. खरं बोलल्या तर मी त्याच दिवशी बाहेर, आणि अनुभवाचं पत्रही नाही. ४६व्या वर्षी, हे एकच काम येणारा.

त्यांचं तसंही गेलंच आहे. त्यांना खोटं बोलायला काय जातं? हे लिहिलं आणि मलाच वाचवेना. खोडत नाही.

२२ फेब्रु., रवि.

शहराच्या टोकाला, बेसाला गेलो त्यांच्या घरी. पहिल्यांदा. इतक्या वर्षांत त्यांनी कितीदा बोलावलं.

गच्चीवर होत्या. भिवापूरहून भावाने मिरची पाठवलेली, चादरीवर लाल पसरलेली, त्या देठ काढत बसलेल्या. नातू मांडीला रेलून झोपलेला. म्हणजे झाली सुरुवात.

"या सर. बसा." खालून चहा मागवला.

मिरचीचा खाट नाकात गेला, मला बोलताच येईना. खोकत खोकत सगळं सांगितलं. मेल, सोमवार, माझ्या टेबलावरून. मग काय म्हणायचं तेही सांगितलं, वाक्यं तयार करून नेली होती. कॉम्प्युटर बंद होता हे आवर्जून सांगा म्हटलं. त्या देठ काढत राहिल्या. ऐकतायत की नाही कळेना. ऐकत होत्या. त्यांच्याइतकं ऐकणारं कुणी मी बघितलेलं नाही.

माफी मागायची होती. शेवटी मागितली, पण मेलचं सगळं सांगून झाल्यावर. आधी मागायला हवी होती हे मलाही समजतं.

त्यांनी मिरची खाली ठेवली.

"पहिल्या कोर्सचं विचारतो म्हणाला होता तू."

हो म्हटलं.

"मी बाकी पाह्यलंच नाही मंग. तुह्या शब्दावर राहिली."

नातू जागा झाला, रडायला लागला. त्याला थोपटत बसल्या. मी जिन्यापर्यंत आलो, परत वळलो, विचारलं, ताई, उद्या काय सांगाल?

 ऐकू आलं नाही असं नव्हतं. वैशालीसाठी पाव-अर्धा किलो मिरची पिशवीत घालून दिली, देठ काढलेली. गाडीच्या डिकीत तशीच आहे. घरात नेली नाही.

२३ फेब्रु., सोम.

१०:५०. कॉन्फरन्स रूमच्या बाहेर बाकावर. ही रोजनिशी बॅगेतून आणली, हातांना काहीतरी पाहिजे म्हणून लिहितोय.

कुंदाताई आल्या. रोजचा सलवार-कमीज. माझ्या शेजारी बसल्या नाहीत, समोर बसल्या. नमस्कार नाही, सर नाही, राजू नाही. हातात ती कव्हर घातलेली वही.

११:०२. आत बोलावलं त्यांना. या वेळी वही आत नेऊ दिली.

११:१०. दाराला काच आहे. अदिती मॅडमची पाठ दिसते, कुंदाताईंचा चेहरा दिसतो. अजून काही बोललेल्या नाहीत. मॅडम विचारतायत. पांडेसाहेब लिहून घ्यायला पेन काढतायत.

११:१३. आता बोलतायत. सावकाश, एकेक शब्द. ओठ दिसतात. काच जाड आहे, माझ्यापर्यंत काही येत नाही. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परत मॅडमकडे. बोलणं थांबलेलं नाही. त्या सांगतायत की परीक्षा ____________